गाण्यातला फरचा कोट

वेस्टा कॉडिलची आई गेली तेव्हा तिचं शेवटचं पोर अजून आईचा चेहराही ओळखायला लागलं नव्हतं. बाळंतपणानंतर ताप चढला आणि उतरलाच नाही. केंटकीच्या त्या डोंगरात डॉक्टर यायचा तो खेचरावरून, आणि त्या आठवड्यात नेमकं ओढ्याला पाणी होतं. पोराचं नाव टॉल्बी ठेवा, एवढं आई सांगून गेली. वेस्टा तेव्हा दहा वर्षांची होती.

बाप, एल्झी, जंगलात झाडं तोडायच्या कामाला. उजाडायच्या आत निघायचा तो दिवेलागणीला परतायचा. त्यामुळे टॉल्बी वेस्टाच्या कडेवर आला आणि तिथंच राहिला. पलीकडच्या खोऱ्यातली सुडी मावशी शेळीचं दूध धाडायची. वेस्टा चिंधीचा बोळा करून ते पाजायची. पुढे त्याला दात आले तशी ती ताकात मक्याचा पाव कुस्करून भरवायला लागली. शाळा सुटली ती सुटलीच. पोर रडायला लागलं की तिच्यापाशी एकच उपाय होता, गाणं. आईची होती नव्हती ती सगळी गाणी ती म्हणायची. त्यात चर्चमधली होती, आणि नदीत ढकललेल्या मुलींची, फाशी गेलेल्या नवऱ्यांचीही होती.

"अगं, असली गाणी म्हणतात का तान्ह्या पोरापुढं?" सुडी मावशी म्हणायची.

"त्याला कुठं कळतंय, मावशी? त्याला नुसता आवाज लागतो."

आवाज होताच तसा. बारीक, सरळ, आणि वरच्या सुरात गेला की थोडा चिरणारा. ओढ्यापलीकडे मका खुडणारी माणसं हात थांबवून ऐकायची.

टॉल्बी दीड वर्षाचा झाला त्या हिवाळ्यात उतारावरून ओंडका सुटला आणि एल्झीच्या पायावर आला. पाय राहिला, पण नावापुरता. काम गेलं. घरातलं पीठ संपलं, मग काकवीचा डबा संपला, मग वेस्टा शेजारच्या शेतांत राहिलेले सलगम उकरून आणायला लागली. टॉल्बीच्या बरगड्या हाताला लागायच्या. तो रडायचाही कमी झाला, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटायची.

एके दिवशी बाप चुलीपाशी बसून म्हणाला, "रविवारी माणसं येणारेत."

"कशाला?"

"टॉल्बीला न्यायला. पाद्रीबाबांच्या ओळखीची आहेत, ओहायोतली. मूलबाळ नाही त्यांना. माणूस कारखान्यात कायमच्या कामाला आहे."

वेस्टानं टॉल्बीला पोटाशी ओढून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मी कमी जेवीन."

"तू जेवतेसच कुठं, पोरी," बाप म्हणाला, आणि त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

रविवारी गाडी ओढ्यापर्यंतच आली. पुढे ते नवराबायको चिखलातून चालत वर आले. वेस्टानं त्यांच्याकडे धड पाहिलंही नाही. बाईनं हात पुढे केला तसा टॉल्बी वेस्टाच्या गळ्याला मिठी मारून असा किंचाळला, की बाई दोन पावलं मागे सरली. पुन्हा प्रयत्न झाला, पुन्हा तेच. शेवटी बाप दारातून म्हणाला, "असा ओरडत नको जायला तो. वेस्टा, झोपव त्याला."

ती ओसरीच्या पायरीवर बसली. त्याला मांडीवर घेऊन गोधडीत गुंडाळलं आणि गायला लागली. ते दोघं अंगणात उभे होते, नवरा टोपी हातात धरून, चर्चमध्ये असल्यासारखे. टॉल्बीनं तिची वेणी मुठीत धरली होती. मूठ हळूहळू सुटली. तो गाढ झोपल्यावरही ती गात राहिली. मग बाई वाकली आणि तिनं त्याला अलगद उचलून घेतलं. खाली ओढ्यापाशी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा वेस्टाचा हात अजून पोर धरल्यासारखाच वाकलेला होता.

बापानं त्या माणसांचं आडनावसुद्धा विचारून ठेवलं नव्हतं. पाद्री दुसऱ्या राज्यात निघून गेला. दोन हिवाळ्यांनी एल्झीही गेला, आणि वेस्टा तालुक्याच्या गावी एका खानावळीत भांडी घासायला लागली.

भांडी घासताना ती गायची. तिथं जेवायला येणारा एक फिडलवाला होता, दर शनिवारी रेडिओवर व्हायोलिन वाजवणारा. तो ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "बाई, कोण गातंय आत?" त्यानं मालकिणीला विचारलं. मालकीण म्हणाली, "ती होय? तिला गप्प बसवता येत नाही मला. तुम्हाला येत असेल तर बघा."

पुढच्या शनिवारी वेस्टा एका पिठाच्या कंपनीच्या कार्यक्रमात रेडिओवर उभी होती, मालकिणीच्या मुलीचे बूट घालून. माईकमधला आवाज कुठवर जातो, असं तिनं विचारलं. कुणीतरी म्हणालं, हवा मोकळी असली तर ओहायोपर्यंत. त्यानंतर तिनं एकही शनिवार चुकवला नाही.

तिथून गाण्याबजावण्याच्या नॅशव्हिल शहरापर्यंतचा रस्ता लांबचा निघाला. जत्रा, शाळांची पटांगणं, ट्रकवाल्यांचे अड्डे. गाडीच्या मागच्या सीटवर झोप आणि पेट्रोल पंपाच्या नळावर तोंड धुणं. मध्ये एका बँजोवाल्याशी लग्न झालं. तो शुद्धीत असला म्हणजे मायाळू होता, पण शुद्धीत फारसा नसायचा. एका हिवाळ्यात तो गाडी घेऊन गेला तो परत आलाच नाही. वेस्टा बसनं पुढच्या गावाला गेली आणि कार्यक्रम केला. तिची एक सवय मात्र सुटली नाही. ओहायोत कुठंही कार्यक्रम असला की पडद्याआडून समोरची माणसं न्याहाळायची. ठरावीक वयाचे पोरगे शोधायची. ते वय दर वर्षी एकानं वाढत होतं.

नॅशव्हिलमध्ये तिला लेस्टर पर्डी भेटला. तो तिच्या रेकॉर्ड काढायचा, कार्यक्रम ठरवायचा, आणि त्याला लोकांच्या कानांची फार पक्की पारख होती. वेस्टानं एक गाणं केलं होतं, 'चाकांची धूळ' नावाचं. भावाला घेऊन जाणाऱ्या गाडीमागं धावत सुटलेल्या मुलीचं. तिनं ते पर्डीला त्याच्या ऑफिसात म्हणून दाखवलं. पर्डीनं डोळे पुसले, मग रुमाल खिशात ठेवला.

"गाणं सोनं आहे, वेस्टा. पण पोराला नेणारी ती बाई नीट उभी राहत नाही. कोण आहे ती? कशी दिसते?"

"साधीच होती. मला आठवत नाही."

"मग फरचा कोट घाल तिला. हातात अंगठ्या. आणि बाप पोर देत नाही, ती हिसकावून नेते. लोकांना राग यायला कुणीतरी हवं ना!"

"तसं झालं नव्हतं, लेस्टर."

"अगं, गाणं म्हणजे काय कोर्टातली साक्ष आहे का?"

वेस्टानं शब्द बदलले. बदलताना तिला बरं वाटलं, हेही खरं. ओसरीच्या पायरीवर बसून पोराला झोपवणारी मुलगी त्या गाण्यातून पार नाहीशी झाली आणि तिच्या जागी मुठी आवळून धावणारी एक पोर आली. खोऱ्याचं नाव तेवढं तिनं खरं ठेवलं. न जाणो, कुठंतरी कुणाच्या कानावर पडलं तर.

त्या वर्षी 'चाकांची धूळ' वाजलं नाही असं एक हॉटेल, एक न्हाव्याचं दुकान उरलं नाही. वेस्टा कॉडिलचं नाव पाटीवर सगळ्यात वर गेलं. ती शेवटी ते गाणं म्हणायची आणि समोर बसलेले दणकट ट्रकवाले टोपीत तोंड लपवायचे. अंगावर चमचमता झगा, दारात लांबलचक गाडी, तळ्याकाठी घर. आणि भाऊ यायला लागले. मीच तुझा टॉल्बी, म्हणून एक टेक्ससहून आला, एक तुरुंगातून सुटून आला, एकानं तर खोटा जन्माचा दाखलाच आणला. सगळे एकच सांगायचे. मला आठवतो ना तो फरचा कोट, कसा मऊ लागत होता गालाला! वेस्टा त्यांना जेवू घालून परत पाठवायची आणि खोलीत जाऊन दार लावून घ्यायची.

मग एका रविवारी ओहायोतल्या डेटनला दुपारचा कार्यक्रम झाला. ती मागच्या दारानं निघाली, तर गाडीपाशी एक तरुण उभा. कारखान्यातला निळा शर्ट, हातात टोपी. त्याच्या कपाळावर केस वळायचे ते अगदी एल्झीसारखे. पण असं तिला याआधीही वाटलं होतं, म्हणून ती काही बोलली नाही.

"बाई, फरचा कोट नव्हता," तो म्हणाला.

वेस्टानं उघडलेलं गाडीचं दार पुन्हा लावलं.

"टॉल्बी?"

"फिलिप. मला फिलिप म्हणतात. फिलिप हाउझर." तिनं हात पुढे केला तशी त्यानं टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "मी काही मागायला आलेलो नाही. माझ्या आईची तब्येत बरी नसते. तुम्ही तिला एकदा भेटावं, एवढंच."

तुम्ही. त्याच्या तोंडचा तो शब्द तिनं ऐकला आणि गिळला. "तू म्हणशील तेव्हा येते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. कामगार वस्तीतलं लहानसं घर. दारापुढं झेंडूचे दोन वाफे. फिलिपची आई एडना स्वयंपाकघरात बसली होती. अंगानं वाळलेली, पाय सुजलेले, बोलताना मध्येच श्वास घ्यायला थांबणारी. नवरा मागेच वारला होता. टेबलावर तिनं पाय, सफरचंदाचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, करून ठेवला होता. तिनं वेस्टाला तुकडा कापून दिला, कॉफी ओतली, आणि मगच बोलायला तोंड उघडलं.

"याच्यापासून मी काहीच लपवलं नाही. कुठून आणला, बहीण होती, सगळं सांगितलं. दोनदा आलो होतो आम्ही याला घेऊन तुम्हाला भेटवायला. घराचं छप्पर पडलं होतं. कुणी काही सांगेना."

"मी तालुक्याच्या गावी होते. भांडी घासायला."

"त्या दिवशी अंगात होता तो साधा कोट, तोही माझ्या बहिणीचा गं. दोन्ही कोपरांना ठिगळं. तुमचा तो डोंगराचा रस्ता! प्रत्येक वळणावर गाडी थांबवून ओकत होते मी." एडना थोडी हसली, मग तिला धाप लागली. "तुला मी विचारलं होतं, हा काय खातो म्हणून. तू बोलली नाहीस."

"आठवत नाही मला."

"लहान होतीस. इथं आल्यावर यानं अन्नाला तोंडच लावलं नाही. दूध नको, खिमट नको. नुसता दाराकडे बघत बसायचा. मला वाटलं, आता हा माझ्या हातात मरतो. मग पलीकडच्या गल्लीतली एक केंटकीची बाई म्हणाली, ताकात मक्याचा पाव कुस्करून बघा. तेव्हा कुठं खाल्लं."

वेस्टानं हातातला काटा खाली ठेवला. फिलिप खिडकीतून बाहेर बघत होता.

"मी चोरून नाही आणलं त्याला," एडना म्हणाली.

"मला माहीत आहे, बाई. मीच झोपवला होता त्याला. बाबांनी सांगितलं म्हणून."

"मग गाण्यात तसं का म्हणतेस? इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे, हा त्या खोऱ्यातला. चर्चमधल्या बायका तोंडावर काही बोलत नाहीत. पण गोधड्या शिवायला बसतात ना, तिथं आता मला बोलावत नाहीत. रेडिओ लागला की हा उठून बंद करतो. लोकांच्या घरचा कसा बंद करणार?"

वेस्टाकडे उत्तर होतं. लोक रडतात म्हणून. मला बरं वाटतं म्हणून. त्या स्वयंपाकघरात ते तोंडातून निघेना. ती उठून एडनाच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "यापुढं नाही म्हणणार. शब्द देते तुम्हाला."

फिलिप तिला गाडीपर्यंत सोडायला आला. तिथं पहिल्यांदाच तो थोडा अवघडून हसला. "मला काही आठवत नाही," तो म्हणाला. "खूप प्रयत्न केला. तुम्ही रागवू नका."

"नाही रे बाळा," ती म्हणाली.

लेस्टर पर्डीनं ऐकल्यावर खुर्चीला लाथ मारली. "लोक ते गाणं ऐकायला येतात! उरलेली गाणी ते नुसती सहन करतात, समजलं?" वेस्टा बधली नाही. पुढच्या कार्यक्रमापासून शेवटी लोक पाय आपटायचे, 'धूळ! धूळ!' म्हणून ओरडायचे. ती दुसरं काहीतरी म्हणायची आणि वाकून नमस्कार करून आत जायची. पण तिचं तोंड बंद होऊन उपयोग काय? रेकॉर्ड वाजतच होती. दर दुपारी, दर हॉटेलात.

मग तिला वाटलं, आपण खरं ते सांगून टाकावं. नॅशव्हिलच्या शनिवारच्या कार्यक्रमात, देशभर थेट ऐकू जात असताना, ती माईकपाशी गेली आणि म्हणाली, "फरचा कोट नव्हता. ती बाई गरीब होती आणि भली होती. माझा भाऊ उपाशी होता, तिनं त्याला वाचवलं. गाण्यात खोटं आहे, ते मी घातलं. मी तिला डेटनमध्ये भेटून आले, तिच्या हातचं खाल्लं." मागून कुणीतरी ओरडलं, "प्यायलीय का गं?" थोडे लोक हसले. वादकांनी घाईघाईनं पुढची धून सुरू केली.

आठवडाही गेला नाही तोच फिलिपचा फोन आला. आवाज थकलेला होता.

"तुम्ही नाव घेतलं नाहीत, कबूल. पण डेटन म्हणालात. पेपरवाल्यांना शोधायला वेळ लागला नाही. अंगणात उभे आहेत. आईचे झेंडू तुडवले. एक तिला म्हणाला, कोट दाखवा."

"मी येते. मी त्यांना हाकलते."

"नका येऊ," तो म्हणाला. "तुम्ही आलात की आणखी येतील."

नंतर तिनं फोन केला तेव्हा तो बंद होता. माणूस पाठवला तर घर रिकामं. शेजाऱ्यांनी पत्ता सांगितला नाही. आणि पेपरांतल्या त्या सगळ्या आरड्याओरड्यानं 'चाकांची धूळ' पुन्हा एकदा पहिल्यापेक्षा जास्त खपली. पर्डीनं तिला फुलं पाठवली. वेस्टानं ती दारातच राहू दिली.

पुढची वर्षं मानाची गेली. बक्षिसं मिळाली, तिच्या नावाची पितळी पाटी लागली, गव्हर्नरनं हात मिळवला. तिनं आणखी चांगली गाणी केली. जाणकार म्हणायचे, हिची नंतरची गाणीच खरी. ते गाणं तिनं पुन्हा कधीच म्हटलं नाही. आवाज खाली उतरला, केस पांढरे झाले. तळ्याकाठच्या घरात ती बहुतेक एकटीच असायची.

फिलिपचा फोन पुन्हा आला तेव्हा तिनं आवाज ओळखला नाही. तोही आता उतरत्या वयाचा झाला होता.

"आई गेली," तो म्हणाला. "झोपेत गेली. त्रास झाला नाही. तुम्हाला कळवावं असं वाटलं."

"मी येऊ का रे?"

फोनवर हात ठेवून तो तिकडं कुणाशी तरी बोलला. मग म्हणाला, "या. मागे बसा. आणि गाऊ नका, एवढं करा. तिच्या दिवशी लोकांनी तुमच्याकडे वळून बघायला नको."

वेस्टा एकटी गाडी चालवत गेली. साधा काळा झगा, डोक्याला रुमाल. डेटन सोडून ते इंडियानातल्या ज्या लहानशा गावी राहायला गेले होते, तिथलं चर्च माणसांनी भरलं होतं. ती शेवटच्या बाकावर, भिंतीला लागून बसली. पुढे फिलिप होता, त्याची बायको होती, दोन मोठी मुलं होती. पाद्रीनं एडनाबद्दल चार शब्द सांगितले. गोधड्यांच्या मंडळात तिनं किती वर्षं काढली, आजाऱ्यांसाठी सफरचंदाचे पाय करून कसे न्यायची. ऐकताना वेस्टाच्या मनात आलं, बरं झालं, इथं तरी तिला बोलावलं.

मग सगळे गायला उठले. शेजारच्या म्हातारीनं पुस्तक उघडून तिच्यापुढं धरलं. "घ्या, बाई. चष्मा विसरलात का?" वेस्टानं पुस्तकाची एक कड धरली. गाणं तिच्या आईचंच होतं, लहानपणी शिकलेलं. सूर थोडा खाली लागला होता, मधल्या ओळीला लोक फरफटत होते, एका चांगल्या आवाजानं हात दिला असता तर सगळे सावरले असते. तिचा गळा आपोआप उघडायला लागला. तिनं ओठ मिटले आणि शेवटच्या ओळीपर्यंत मिटलेले ठेवले. म्हातारी मोठ्यानं, बेसूर गात होती आणि मध्येच तिच्या दंडावर थोपटत होती.

दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं, हॅम, बटाट्याची कोशिंबीर, पाव. वेस्टा वाढायच्या टेबलाकडे न जाता मागे मोरीपाशी गेली, तिथं दोन बायका बशा धूत होत्या. तिनं खुंटीवरचं फडकं घेतलं आणि पुसायला लागली. कुणी काही विचारलं नाही. बऱ्याच वेळानं फिलिप तिथं आला. मागे त्याची थोरली मुलगी होती, बापासारखेच कपाळावर वळणारे केस.

"ही केंटकीची आहे," तो मुलीला म्हणाला. मग अडखळला. "मी आजीकडे यायच्या आधी हिनंच मला वाढवलं."

मुलीनं वेस्टाचा ओला हात हातात घेतला. "खूप लांबून आलात," ती म्हणाली. "जेवलात का?"

"नाही गं अजून," वेस्टा म्हणाली.

मुलीनं तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि तिला पानावर बसवलं. फिलिप थोडा वेळ समोर उभा राहिला, मग दुसऱ्या पाहुण्यांना निरोप द्यायला दाराकडे गेला.